पुढारी आणि गोष्ट



कामगार चळवळीचा इतिहास सांगायला उभा राहिलेला माणूस बहुधा संपांच्या तारखा, मागण्यांचे मसुदे आणि करारांतील कलमे सांगतो. मीही गेली तीस वर्षे द्वारसभांतून हेच सांगत आलो आहे. आज मात्र ह्या इतिहासाच्या एका निराळ्या अंगाकडे आपले लक्ष वेधावे असे मनात आहे. ते अंग म्हणजे गोष्ट. मागणीपत्र हे मालकासाठी लिहिलेले असते. शेजारच्या साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला आपण ते वाचून दाखवत नाही. त्याला आपण काय झाले ते सांगतो. कोणाचा पगार कापला, कोणाचे बोट पट्ट्यात गेले, कोणाला जॉबरने दारातून परत पाठवले, हे सांगतो. ऐकणारा म्हणतो, 'अहो, माझेही असेच झाले.' जिथे हे वाक्य उमटते तिथे संघटनेचा पाया पडतो, असे माझे मत आहे.

मी विद्वान नाही. शाळा सातवीनंतर सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि गिरणीच्या दारात झाले. तेव्हा शास्त्रीय व्याख्या मी देणार नाही. आपल्याच मुलखातील चार प्रसंग आपल्यापुढे मांडतो आणि प्रत्येक प्रसंगाला तीन प्रश्न विचारतो. गोष्ट कोण सांगतो? गोष्टीत कर्ता कोण आहे? आणि गोष्ट संपल्यावर ऐकणाऱ्याने कुठे जायचे? पुढारीपणाची परीक्षा ह्या तीन प्रश्नांत होते.

आरंभ महात्मा जोतीराव फुल्यांपासून केला पाहिजे. मुंबईत दावरशेटची पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. त्याच्या एक वर्ष आधी, १८५५ साली, जोतीरावांनी पुण्यात 'तृतीय रत्न' नावाचे नाटक लिहिले. त्यात एक गरीब कुणबी आणि त्याची बायको आहे. ग्रहांची भीती घालून एक जोशी त्यांना नागवतो. हे सारे पाहणारा विदूषक मधून मधून प्रेक्षकांशी बोलतो आणि पडद्याआडचा डाव उघडा करतो. पण माझ्या मते नाटकाचा खरा मर्मबिंदू शेवटी आहे. ते नवराबायको शहाणे होतात आणि जोतीराव व सावित्रीबाई चालवीत असलेल्या रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात. म्हणजे गोष्ट ऐकून हळहळायचे आणि घरी जायचे, असे नाही. गोष्टीच्या शेवटी एक खरे दार आहे, ते त्याच गावात आहे, आणि ते उघडे आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले आणि जोतीरावांच्या हयातीत ते छापलेही गेले नाही. परंतु चळवळीच्या गोष्टीचा साचा त्यांनी तेव्हाच घालून दिला.

पुढे १८६९ सालचा शिवाजीराजांवरचा पोवाडा आणि १८७३ सालची 'गुलामगिरी' ह्यांत त्यांनी आणखी एक काम केले. बळीराजाची कथा घरोघर माहीत होती. बळीला पाताळात घालणारा वामन हा देव, ही तिची ठरलेली मांडणी. जोतीरावांनी कथा तीच ठेवली आणि सांगणाऱ्याची जागा बदलली. ती बळीच्या रयतेच्या बाजूने सांगितली. 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे दिवाळीत म्हणणाऱ्या शेतकरणीला आपण कोणाची वाट पाहत आहोत, हे त्यामुळे प्रथमच उमगले. नव्या पुढाऱ्याला नवी कथा दर वेळी रचावी लागत नाही. लोकांजवळ असलेली कथा कोणाच्या बाजूने सांगितली जाते आहे, एवढे त्याला ओळखता आले पाहिजे.

सत्यशोधक समाजाच्या ह्याच मुशीतून नारायण मेघाजी लोखंडे घडले. भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' हे पत्र लोखंड्यांनी १८८० पासून मुंबईत चालवले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील मागण्या आज वाचताना साध्या वाटतात. रविवारी सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विश्रांती द्या. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढीच कामाची वेळ ठेवा. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या. कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई द्या. श्रोतेहो, ह्या पाच मागण्या नीट पाहा. प्रत्येक मागणीच्या पोटात एक हकीकत आहे. दुपारच्या अर्ध्या तासामागे यंत्र चालू असतानाच उभ्या उभ्या भाकरी खाणारा माणूस आहे. पंधरा तारखेमागे पगार होईपर्यंत वाण्याच्या दारात उभी राहणारी बाई आहे. हजारो हकीकती ऐकून, त्यांतला समान धागा काढून, त्याला कलमाचे रूप देणे हे लोखंड्यांचे मोठे काम होय. मालकांनी कलमे वाचली. कामगारांनी मात्र त्या कलमांत आपापली हकीकत वाचली आणि म्हणून सह्या केल्या.

सहा वर्षांनी, २४ एप्रिल १८९० रोजी, मुंबईत महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. ज्या काळात सुशिक्षित घरातली स्त्री सभेत बोलायला उभी राहिली की वर्तमानपत्रांतून वाद माजत असे, त्या काळात गिरणीतल्या बाया दहा हजारांपुढे उभ्या राहिल्या. माझ्या लेखी त्या सभेची ही सर्वांत मोठी कमाई आहे. लोखंड्यांना स्वतःला बोलता येत होते, लिहिता येत होते, हाताशी पत्र होते. तरीही ज्यांची हकीकत त्यांनाच बोलू दिले गेले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली. आज रविवारी आपण उशिरापर्यंत झोपतो, त्या झोपेमागे ही सभा आहे.

दुसरा प्रसंग १९२८ सालच्या मोठ्या संपाचा. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख गिरणी कामगार बाहेर राहिले. मालकांनी 'कार्यक्षमता' ह्या नावाखाली एका विणकराला दोनांऐवजी तीन साचे चालवायला लावण्याचा घाट घातला होता, हे संपाचे एक मुख्य कारण होते. वरकरणी हा तांत्रिक प्रश्न दिसतो. तो कामगाराला कसा समजला असेल, ह्याचा विचार करा. तीन विणकर आहेत, त्यांचे मिळून सहा साचे आहेत. उद्या प्रत्येकाने तीन चालवले तर दोघांत सहा साचे झाले. मग तिसरा कुठे गेला? तो तिसरा हा आकडा नव्हता. तो आपल्याच गावचा होता, गावकीच्या खोलीत आपल्याच शेजारी वळकटी टाकून झोपत होता, एकाच खानावळीत जेवत होता. हिशेबाची गोष्ट झाली ती अशी. आणि एकदा ती गोष्ट झाली की तिसऱ्या साच्याचा जादा पैसा घ्यायला हात पुढे होत नाही.

त्या संपाच्या पोटीच मे १९२८ मध्ये गिरणी कामगार युनियन जन्मली. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर ही सुशिक्षित मंडळी तिच्यात होती, हे सर्वांस ठाऊक आहे. अर्जुन आळवे व कासले हे स्वतः गिरणीत राबलेले पुढारी तिच्यात होते, हे मात्र आपण विसरतो. वर्षअखेर युनियनची सभासदसंख्या चोपन्न हजारांवर गेली. गिरणीगिरणीत कमिट्या झाल्या. त्या काळी कामगाराचे सारे व्यवहार जॉबरच्या मुठीत असत. काम तो देई, उसनवार तो देई, बातमीही त्याच्याच तोंडून येई. गिरणी कमिटीने जॉबरची मक्तेदारी मोडली, असे आपण म्हणतो, त्यात बातमीची मक्तेदारीही धरली पाहिजे. आपल्या खात्यात काय झाले हे आता खात्यातलाच माणूस सांगू लागला. संपाच्या काळात हजारो कामगार कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी गेले. ते नुसते पोट भरायला गेले नाहीत. संपाची हकीकत त्यांच्याबरोबर गेली, आणि गावाने मुंबईतल्या भावाला तांदूळ-नाचणी पुरवायची की नाही हे त्या हकीकतीवर ठरले.

तिसरा प्रसंग कलापथकांचा. आपल्याकडे कीर्तन, पोवाडा आणि तमाशा ही गोष्ट सांगण्याची तीन जुनी विद्यापीठे. सत्यशोधकांनी तमाशाचा सांगाडा घेऊन जलसे उभे केले. पुढे भीमराव कर्डक आदी शाहिरांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. त्याच वाटेने १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांचे लाल बावटा कलापथक निघाले. अण्णाभाऊ वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे. शाळेशी त्यांची गाठ नावापुरतीच पडली. पोटासाठी मुंबईत येऊन त्यांनी गिरणीत काम केले, चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहिले. अमर शेख बार्शीचे. त्यांचा आवाज ध्वनिक्षेपकावाचून मैदान भरून टाकी, असे ऐकणारे सांगत.

अण्णाभाऊंनी तमाशाचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. जुन्या वगात राजा, प्रधान, कोतवाल असत. सोंगाड्या राजाची फजिती करी, लोक हसत, पण शेवटी राज्य राजाचेच राही. अण्णाभाऊंच्या लोकनाट्यात राजाच्या जागी सावकार, शेठ, निवडणुकीला उभा राहिलेला पुढारी आला आणि कर्तेपण शेतकऱ्याकडे व कामगाराकडे गेले. हसणे तेच राहिले, पण हसून झाल्यावर प्रेक्षकाच्या हाती काहीतरी उरले. 'अकलेची गोष्ट' हे त्यांच्या एका लोकनाट्याचे नावच पुरेसे बोलके आहे. सावकाराची वही वाचता न येणाऱ्या माणसाला अक्कल नाही, असे जग म्हणत होते. अण्णाभाऊंनी त्याच्याच अकलेची गोष्ट रंगवली. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. ती अश्लीलतेच्या नावाखाली आली, पण जाच शाहिरांनाही झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ह्याच शाहिरांनी परळच्या कामगार मैदानापासून खेड्यापाड्यापर्यंत रान उठवले. मुंबई मिळवायची ती कोणासाठी, हे राजकीय पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा त्यांच्या डफाने अधिक लोकांना समजावले.

असे केवळ आपल्याकडेच घडले असेही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील डिलानो येथे १९६५ साली द्राक्षमळ्यांतील मजुरांचा संप झाला. तेव्हा लुइस वाल्देझ ह्या मजुराच्याच मुलाने मजुरांचे एक नाटकमंडळ काढले. मालवाहू मोटारीची पाठ हाच रंगमंच, आणि गळ्यात पाटी अडकवली की कोणी मालक तर कोणी संपफोड्या. रोज मळ्यात राबणारा मजूर मालकाची नक्कल करू लागला की मालकाची भीती निम्मी उतरे. आपल्या सोंगाड्याला हे शेकडो वर्षे ठाऊक होते.

चौथा प्रसंग मुंबईपासून फार दूरचा नाही, पण त्या काळी तो दुसऱ्या जगातला होता. ठाणे जिल्ह्यातील डहाणू-उंबरगाव भागात वारली आदिवासी जमीनदारांकडे वेठीला राबत. लग्नासाठी कर्ज काढले की नवराबायको दोघेही सावकाराचे लग्नगडी होत, आणि ते कर्ज जन्मभर फिटत नसे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिला काही वारली आले. त्यानंतर शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या भागात गेले. गोदावरीबाई वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, पुण्याच्या सुखवस्तू घरातल्या. पाड्यावर जाऊन त्यांनी कायदा शिकवायला सुरुवात केली असती तर कोणी ऐकले नसते. त्यांनी वारल्यांच्या झोपडीत मुक्काम केला, त्यांचे जेवले आणि ऐकले. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या त्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात त्या ऐकण्याचा वृत्तान्त आहे. मी ते पुस्तक प्रत्येक नव्या कार्यकर्त्याच्या हाती देतो.

मे १९४५ मध्ये झरी येथे हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, मजुरी घेतल्याशिवाय काम करायचे नाही, असा निर्धार झाला. नंतर जे घडले ते पुढाऱ्यांच्या कल्पनेपलीकडचे होते. वारल्यांनीच गावोगाव निरोप नेला आणि लग्नगड्यांना सोडवले. अमक्या पाड्यावरचा गडी सुटला, ही हकीकत पुढच्या पाड्यावर पोचली की तिथलाही सुटे. पुस्तकातल्या कायद्याने जे झाले नव्हते ते एका पाड्याच्या हकीकतीने दुसऱ्या पाड्यावर केले.

परंतु ह्याच लढ्यात गोष्टीची दुसरी धारही दिसली, आणि ती सांगितल्यावाचून माझे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही. वारली ज्यांना 'गोदाराणी' म्हणत त्यांच्या नावाने ऑक्टोबर १९४५ मध्ये खोटी आवई उठवण्यात आली. तिच्यावर विश्वास ठेवून वारली तलवाड्याला जमले. १० ऑक्टोबर रोजी पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी ठार झाले. लोकांचा विश्वास ज्या वाटेने चालत येतो त्याच वाटेने आवईही चालत येते. म्हणून गोष्टीच्या बळावर संघटना उभी करणाऱ्याने निरोप खरा की खोटा, तो कोणाकडून आला, तो कोणाला विचारून पडताळायचा, ह्याची रीत आधी बसवली पाहिजे. हातातल्या फोनवर क्षणात आवई पसरण्याच्या आजच्या दिवसांत तर ह्या धड्याचे मोल अधिकच आहे.

आता माझे तीन प्रश्न पुन्हा विचारतो. ह्या चारही प्रसंगांत गोष्ट सांगणारा हळूहळू बदलत गेला. जोतीरावांनी कुणब्याची गोष्ट लिहिली. लोखंड्यांच्या सभेत कामगार बाई स्वतः बोलली. कलापथकात गिरणीतला माणूस स्वतः लिहू-गाऊ लागला. झरीनंतर वारली स्वतःच निरोप्या झाला. पुढाऱ्याचे काम ह्यात कमी होत नाही. उलट ते कठीण होते, कारण त्याला गप्प बसावे लागते. रानड्यांनी वसंत व्याख्यानमालेची प्रथा १८७५ साली पुण्यात सुरू केली आणि ती चालवणारी संस्था वक्तृत्वोत्तेजक सभा ह्या नावाने प्रसिद्ध पावली. आम्हां कामगार पुढाऱ्यांना एका श्रवणोत्तेजक सभेची गरज आहे, असे मी गमतीने म्हणतो. गिरणी कामगार स्त्रियांत काम केलेल्या उषाताई डांगे ह्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'पण ऐकतं कोण?' असे आहे. तो प्रश्न जसा मालकाला आहे तसाच तो आम्हांलाही आहे.

दुसरा प्रश्न कर्त्याचा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि माझे वडील साच्यावर होते. त्या संपाची गोष्ट पुढे बहुतेक वेळा एकाच माणसाची म्हणून सांगितली गेली. कोणी म्हणाले डॉक्टर दत्ता सामंतांनी कामगार बुडवला. कोणी म्हणाले डॉक्टर होते म्हणून कामगार लढला. दोन्ही गोष्टींत अडीच लाख माणसे मुकी आहेत. ती भांडी विकून जगली, बायकांनी खानावळी चालवल्या, गावाकडून पायलीने धान्य आले, कित्येक घरांतली पोरे शाळा सोडून कामाला लागली. हे करणारे कोण होते? नीरा आडारकर आणि मीना मेनन ह्यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन त्यांचा इतिहास त्यांच्याच शब्दांत २००४ साली ग्रंथरूपाने आणला, तेव्हा हे आवाज कागदावर आले. ज्या गोष्टीत पुढारी हाच एकटा कर्ता असतो, त्या गोष्टीत पुढारी पडला की संघटना पडते. ज्या गोष्टीत शंभर कर्ते असतात ती शंभर ठिकाणी जिवंत राहते.

तिसरा प्रश्न, ऐकणाऱ्याने पुढे कुठे जायचे? मी सध्या कंत्राटी सफाई कामगारांत काम करतो. एका शहरात त्यांची बैठक होती. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे पगारातून कापले जात, पण खात्यावर भरले जात नव्हते. मी कायदा समजावत होतो आणि माणसे जांभया देत होती. शेवटी मागे बसलेली एक बाई उठली. तिचा नवरा त्याच कामावर असताना वारला होता. ती म्हणाली, 'त्यांचा हिशेब मागायला गेले, तेव्हा ठेकेदार म्हणाला, ह्या नावाचा माणूस आमच्याकडे नव्हताच. सात वर्षं रोज पहाटे मी डबा कोणाला बांधून दिला?' बैठकीत कोणी काही बोलले नाही. मग एकेक जण खिशातून आपापली पगारचिठ्ठी काढू लागला. ज्यांना चिठ्ठी कधी मिळालीच नव्हती ते हात वर करून उभे राहिले. त्याच रात्री एकसष्ट जणांनी तक्रारअर्जावर सह्या केल्या. माझ्या तासाभराच्या भाषणाने जे झाले नाही ते तिच्या दोन वाक्यांनी केले. पण अर्ज तयार होता, शाई होती, आणि सही कुठे करायची हे सांगणारा माणूस शेजारी उभा होता, म्हणूनच ती दोन वाक्ये हवेत विरली नाहीत. जोतीरावांच्या नाटकाच्या शेवटी रात्रीची शाळा उघडी होती, तिचा अर्थ हाच.

आज कामगाराची अवस्था १८८४ हून एका बाबतीत अवघड झाली आहे. तेव्हा भोंगा वाजला की हजारो माणसे एकाच दारातून आत जात व एकाच दारातून बाहेर येत. चाळ एक, नळ एक, मैदान एक. हकीकत एका कानावरून दुसऱ्या कानावर जायला वेळ लागत नसे. आज घरोघर जेवण पोचवणारा मुलगा दुचाकीवर एकटा असतो, घरकाम करणारी बाई चार घरांत एकटी असते, कंत्राटी कामगाराचा ठेकेदार वर्षादोनवर्षांनी बदलतो. पैसे कापले गेले तर ते आपलेच नशीब, असे प्रत्येकाला वाटते. त्यांच्याजवळ हकीकती नाहीत असे मुळीच नाही. त्या एकमेकींना भेटत नाहीत, एवढेच.

म्हणून संघटनांना माझी विनंती आहे ती अगदी साधी आहे. दर बैठकीतला पहिला अर्धा तास पुढाऱ्याने बोलू नये. सभासदाला सांगू द्यावे, दुसऱ्याने ते वहीत टिपून घ्यावे, तारीख घालावी, खरेखोटे पडताळावे. वर्षअखेर ती वही उघडली की मागणीपत्र त्यातच सापडेल. आणि निवृत्त झालेल्या जुन्या माणसांना बोलवावे. १९८२ चा संप पाहिलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्या गोष्टी आपण ऐकून ठेवल्या नाहीत, तर उद्या त्या संपाचा इतिहास गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांचे मालक सांगतील, आणि आपल्या नातवंडांना तोच खरा वाटेल.